भागुबाईंच्या हनुवटीइतका ओटा

पहाटे साडेपाचच्या सुमाराला माझ्या खिडकीबाहेरून झेंडूची फुलं एकटीच चालत जातात, असं मी दोन हिवाळे समजत होते.

मी पंचवटीत तळमजल्यावर राहते. खिडकीसमोर अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे जुन्या जकात नाक्याची भिंत. नाका केव्हाच बंद झाला, खोली पाडली, पण ही एक भिंत कुणी पाडली नाही. थंडीत गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, धुकं वर येतं आणि आमच्या गल्लीत येऊन थांबतं. पलंगावर आडवं पडून पाहिलं की भिंतीची कड तेवढी दिसते. त्या कडेवर अचानक पिवळा ढीग येऊन बसायचा. थोडा वेळ स्तब्ध. मग वीतभर वर उचलला जायचा, जरासा डुलायचा आणि भिंतीच्या कडेकडेनं देवळाच्या दिशेला निघून जायचा. माणूस कुठेच नाही. नुसतं पिवळं, धुक्यातून सरकणारं.

मला त्याचं नवल वाटलं नाही. तीस वर्षं नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले. पडद्यामागे बांबूच्या टोकाला चंद्र बांधून त्याला या विंगेतून त्या विंगेत नेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती दिसत असूनही चंद्र खराच वाटायचा. शिवाय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी झोप आणि जाग यांच्यात दार राहत नाही, नुसता पडदा असतो. मी कूस बदलायची आणि पुन्हा डोळे मिटायची. कुणाला सांगितलं नाही. तिथेच माझं चुकलं.

आमची पेरूबाग परिसर नागरिक समिती आहे. अकरा जण. दर रविवारी सकाळी दहाला तालमीच्या हॉलमध्ये सभा. मला त्यांनी घेतलं ते, समितीत एक तरी बाई हवी आणि माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो म्हणून. सचिव मोतीराम काका. उभी नोकरी इगतपुरीकडच्या धरणांवर मोजणीला काढलेला माणूस. जे मोजता येतं तेच आहे, असं मानणारा. मी कंपनीत राण्यांच्या भूमिका करायची, म्हणून मला माईसाहेब म्हणतात आणि ते म्हणताना मिशीत हसतात.

गेल्या वर्षी प्रश्न आला बसचा. नव्या मोठ्या सिटी बसला आमच्या कोपऱ्यावर वळता येईना. पुढे, मागे, पुन्हा पुढे, असं करत ड्रायव्हर घामाघूम. शेवटी बसवाल्यांनी सांगितलं, वळण मोकळं करून द्या, नाहीतर बस बाहेरच्या रस्त्यानं नेऊ. म्हणजे आमच्या गुडघ्यांनी अर्धा मैल चालायचं. वळणात आडवी येत होती ती नाक्याची भिंत.

समितीतला तरुण वास्तुविशारद ज्ञानेश यानं नकाशा काढला. मोतीराम काका म्हणाले, पाडण्याआधी भिंतीचा कुणाला उपयोग आहे का ते पाहिलं पाहिजे. तीन रविवार सभेच्या आधी ते वही घेऊन तिथे उभे राहिले आणि अहवाल वाचला.

"कुत्री दोन. उन्हाला पाठ देऊन बसलेले गृहस्थ एक. आणखी एक जण आला, तो कशासाठी ते वहीत लिहिण्यासारखं नाही. सबब, भिंतीचा उपयोग शून्य."

ठराव झाला. खाली अकरा सह्या. सहावी माझी.

पालिकेला पत्र गेलं आणि भिंतीवर आमचीच सूचना चिकटवली गेली. पुढच्या रविवारी सभा सुरू झाली तेव्हा दाराशी, चपलांच्या शेजारी, एक बुटकी म्हातारी बाई येऊन बसली. हिरवं लुगडं, अंगावर काळी शाल, बाजूला रिकामी पाटी. फुलवाल्या भागुबाई. त्यांच्याकडून निम्मी पेरूबाग फुलं घेते, पण हॉलमध्ये त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"सायेब, ती भित राहू द्या," त्या म्हणाल्या.

"का हो आजी?" ज्ञानेशनं विचारलं.

"मला लागती."

"कशाला?"

"टेकवायला."

"मग त्याहून चांगलं करू. स्टॉपवर मस्त बाक बसवून देतो. पाठ टेकायची, पाय पसरायचे."

"मी पाय पसरले तर माल कोण इकंल? तुझी आई?"

हॉल हसला. ज्ञानेशही हसला. "आई तुमच्याकडूनच घेते फुलं."

"घेती ना. आन वर दोन शेवंत्या मागून घेती."

मोतीराम काकांनी वही उघडली. "बाई, मी तीन रविवार तिथे उभा होतो. तुम्ही एकदाही दिसला नाहीत."

"किती वाजता?"

"नऊला."

"नऊला मी मखमलाबादला भाकरी थापत असती, सायेब. आज तुमच्यापायी बसले. मी उजाडायच्या आधीची."

त्या पाटीच्या कामट्यांत झेंडूच्या दोन-तीन पाकळ्या अडकल्या होत्या. माझी नजर तिथे खिळली.

"भिंतीवरून जाते ती पाटी तुमची?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. मोतीराम काकांनी चष्मा काढला. "माईसाहेब, तुम्ही पाहिलंय हे?"

"दोन वर्षं."

"मग ठरावावर सही कशी केलीत?"

"मला वाटलं, स्वप्न पडतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. रंगमंचावर शब्द विसरले तेव्हाही मला इतकं उघडं वाटलं नव्हतं. सावरून घेतलं ते भागुबाईंनी. "असूंद्या माई. त्या टायमाला मला बी सपनातच चालल्यावानी वाटतं."

त्या दिवशी दुपारी मी त्यांना घरी जेवायला थांबवलं. माहेर घोटीकडचं, भाताचं गाव. लहानपणी चिखलातून रोपांच्या जुड्या डोक्यावर वाहिल्या, तेव्हापासून मान अशी ताठ. सोळाव्या वर्षी मखमलाबादच्या बागायतदाराच्या घरी आल्या. झेंडू, शेवंती, गुलाब, मधे मेथी-कोथिंबीर. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. जमीन वाटण्यांत आणि रस्त्यांत जाऊन बारा गुंठे राहिली आहे आणि त्यातलं प्रत्येक झाड त्यांना माणसासारखं ओळखू येतं. आमच्या भागातली बासष्ट घरं त्यांची. कुठल्या दारात हार लागतो, कुठे नुसत्या दूर्वा, कुणाकडे सुतक आहे, सगळं तोंडपाठ. बोलताना त्यांचे हात सारखे काहीतरी ओवत असतात, दोरा नसला तरी.

आधी सून सुवर्णा बरोबर यायची. पाटी डोक्यावर घेताना समोरून एक हात लागतो, तो तिचा. दोन वर्षांपूर्वी तिला एका कारखान्यात नोकरी लागली. मुलगा भारत म्हणाला, आई, आता बंद कर. भागुबाई म्हणाल्या, जमतंय तोवर करते. मग दोघांत ठरलं. ज्या दिवशी पाटी एकटीनं उचलता येणार नाही, त्या दिवशी धंदा बंद, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

"लोक हात लावतील की," मी म्हणाले.

"पयल्या महिन्यात तेच केलं, माई. 'दादा, जरा हात लावा.' एक जण फोनवर बोलत निघून गेला. एकानं लावला, आन वर म्हणतो, कशाला ह्या वयात? पोरं नाय का सांभाळत?" त्यांनी ताटातला भात एका जागी केला. "रोज सकाळी पोरांची अब्रू कुणाकुणाला सांगत बसू? मग ती भित घावली."

सोमवारी पहाटे मोतीराम काका कानटोपी घालून, वही आणि टेप घेऊन कोपऱ्यावर हजर. ज्ञानेश जांभया देत होता. मी शाल पांघरून भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पहिल्यांदाच उभी राहिले. धुक्यातून दिवे आले. भागुबाईंच्या गावच्या भिकनचा टेम्पो, मार्केट यार्डाला निघालेला. टेम्पो भिंतीला लागून थांबला, भागुबाई उतरल्या, भिकननं मागे येऊन पाटी भिंतीवर सरकवली आणि निघून गेला. लिलाव गाठायचा असल्यानं त्याला श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

भिंत भागुबाईंच्या बरोबर हनुवटीला येत होती. त्यांनी पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. पाटी अर्धी बाहेर ओढली. गुडघ्यांत जराशा वाकल्या, डोकं खाली घातलं आणि उभ्या राहिल्या. एवढंच. पाटी भिंतीवरून सुटली आणि त्या चालू लागल्या. मुकुट घालून चालायला मला आमच्या मास्तरांनी दोन वर्षं शिकवलं होतं. मला असं कधी जमलं नाही.

मोतीराम काका तासभर थांबले. उजाडल्यावर वहीत लिहिलं: एक.

खरी अडचण तिथेच होती. पुढच्या सभेत, भागुबाई पुन्हा दाराशी बसलेल्या असताना, कुणीतरी म्हणालं, बसला चारशे माणसं आणि भिंतीला एक बाई, यात विचार कसला करायचा? दुसरा म्हणाला, मग बस जाऊ दे का? मला बस हवी होती. दवाखान्यात जायला तीच आहे.

मोतीराम काका उठले. "माझा आकडा चुकला होता. शून्य आणि एक यात फरक असतो. ठराव मला दुरुस्त करायचाय." त्यांनी ज्ञानेशकडे पाहिलं. "भिंत जाऊ दे. भिंतीची उंची राहिली तर चालेल का, बाई?"

भागुबाईंनी विचार केला. "टेम्पो लागला पायजे तिथं."

ज्ञानेशनं नकाशा जमिनीवर पसरला. वळणाच्या पलीकडे, स्टॉपच्या शेडला लागून पाच फूट जागा निघत होती. तिथे ओटा. तो सवयीनं लिहायला लागला, उंची दीड फूट.

"तेवढ्यावर कोंबडी बसंल," भागुबाई म्हणाल्या.

मग त्यांना हॉलच्या भिंतीला टेकून उभं केलं. मोतीराम काकांनी टेप जमिनीपासून हनुवटीपर्यंत धरला. एवढ्या जवळ जाताना ते संकोचले, तर त्या म्हणाल्या, "मोजा सायेब, मी काय आता वाढती का?" चार फूट एक इंच. ठरावात तसंच लिहिलं गेलं: स्टॉपलगत ओटा, उंची भागुबाईंच्या हनुवटीइतकी. पालिकेत पत्र वाचणारा साहेब बराच वेळ त्या ओळीवर थांबला होता, असं ज्ञानेश सांगतो.

पण सगळ्यांची गाडी एका वेळी कुठे येते? जेसीबी गुरुवारीच आला आणि दुपारपर्यंत भिंत गेली. ओट्याचं काम त्यानंतर सुरू व्हायचं होतं. मधे सतरा दिवस.

"मी येईन हात लावायला," मोतीराम काका भागुबाईंना म्हणाले.

"हात नको म्हणून तर बोलले मी सभेत."

"सतरा दिवसच."

"भारतला कळलं तर?"

"तुमचं ठरलंय ते उचलता येण्याबद्दल. तुम्हाला येतंय. भिंत आम्ही पाडली, तर ओटा होईपर्यंत भिंत मीच."

त्या हो म्हणाल्या नाहीत. पण सतरा दिवस एकाहत्तर वर्षांचा तो माणूस साडेपाचला कोपऱ्यावर उभा असायचा. भिकन पाटी खाली उतरवायचा, काका समोरून उचलू लागायचे. भागुबाई बोलल्याच तर फक्त, "थोडं डावीकडं." रोज पहाटे मी खिडकीतून पाहायची. आता मधे काही आड नव्हतं. फुलांखाली एक छोटी काळी शाल आणि समोर कानटोपी, धुक्यात दोन सावल्या, एखाद्या जुन्या खेळात पात्रांनी न बोलता करायच्या प्रवेशासारख्या. दहाव्या दिवशी काकांना सर्दी झाली, तरी आले. त्या दिवशी भागुबाईंनी पाटीतून आल्याचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि चालू लागल्या.

ओटा तयार झाला, पाणी मारून सुकला. अठराव्या दिवशी तिथे कुणी जायचं कारण नव्हतं. मी गेले. मोतीराम काकाही आले होते, सवयीनं, असं म्हणाले. ज्ञानेश लांब स्कूटरवर बसून होता.

टेम्पो लागला. भिकननं पाटी सरकवली. ओटा नवा, कड गुळगुळीत, पाटी जरा जास्तच सहज पुढे आली. मोतीराम काकांचा पाय एकदम पुढे पडला, हात अर्धे उचलले गेले. भागुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तळवा पाटीला लावून ती थांबवली, अर्धी बाहेर ठेवली, चुंबळ नीट केली. वाकल्या. क्षणभर त्या आणि पाटी दोन्ही हलेनात. मग त्या सरळ झाल्या.

मोतीराम काकांनी हात मागे नेऊन पाठीशी बांधले.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. मान ताठ, त्यामुळे कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. दोन पावलं गेल्यावर थांबल्या. "सायेब, आता घरी जाऊन झोपा. उद्या येऊ नका."

"बरं," काका म्हणाले.

पहिली बस वळणावर आली. कुठेही न थांबता, एका झोकात वळली. भागुबाई तिच्या दिव्यांच्या उजेडातून रस्ता ओलांडून पहिल्या दारापाशी पोचल्या आणि त्यांनी हाक दिली, "फुलंऽऽ". आतून कडी काढल्याचा आवाज आला.