आनेकलचे रिव्हॉल्व्हर

शस्त्रे जमवणे हा श्रीमंतांचा छंद आहे. मी तो निवृत्तिवेतनावर जोपासला. नवे रिव्हॉल्व्हर मी कधीच घेतले नाही. ज्याची नळी आतून गंजाने खरवडली आहे, मुठीचे लाकूड तडकले आहे, काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याची कमान सैल पडली आहे, असा माल माझ्या ऐपतीत बसे. तो घरी आणून घासावा, तेल द्यावे, कमान बदलून घ्यावी आणि दुसरे काही नजरेत भरले की विकून टाकावा. परवान्यावर पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत. कायदा बदलला आणि दोनच राहिली. दोन शस्त्रांना कोणी संग्रह म्हणत नाही, मी म्हणतो.

माझ्या हातांखालून जी गेली त्यांपैकी निष्पाप एकही नव्हते. एकाने कॉफीच्या मळ्यावर पिसाळलेली कुत्री मारली होती. एकाने आपल्याच मालकाच्या गुडघ्याची वाटी फोडली होती. तो मालक लंगडत व्यवहाराला आला आणि लंगडत गेला. कसे झाले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. जुने पोलाद मला सुंदर वाटते. ते कशासाठी ओतले गेले याचा विसर मी पडू दिलेला नाही.

आनेकलच्या रिव्हॉल्व्हरची बातमी मला शस्त्रांच्या दुकानदाराकडून कळली. आनेकल तालुक्यात, गावाबाहेर, एक जुने मराठी घराणे होते. पिढ्यान्‌पिढ्या तिकडचेच, घरात मराठी बोलत, पण तिच्यात कानडी दुधात साखरेसारखी विरघळलेली. वडील वारले होते. त्यांच्या शस्त्राचा परवाना थोरल्या मुलाच्या नावावर झाला होता आणि त्याला ते विकायचे होते. रीतसर व्यवहार दुकानातच व्हायचा होता. मी फक्त माल पाहायला जाणार होतो. शहरातल्या मल्लेश्वरमहून दोन बस बदलून दुपारी पोहोचलो.

दारात थोरल्याची आई उभी होती. माझ्याच वयाची, उभट चेहऱ्याची बाई. पाणी देण्याआधीच ती बोलली.

"अण्णा, पसंत पडू दे नाहीतर न पडू दे, ते घेऊन जावा. पैशाचं थोरला बघंल. मला ते घरात नको."

"का?"

"यांच्या अप्पांनी शेवटचं वरीस ते उशाशी घेऊन काढलं. चोराच्या भयानं नव्हे." तिने आतल्या खोलीकडे पाहिले. "धाकट्यानं दोनदा हात उचलला होता त्यांच्यावर. जमिनीवरून."

जमिनीचा दर कारखान्यांमुळे चढला होता. थोरल्याला ती राखायची होती, धाकट्याला विकायची होती. एवढ्यावरून त्या घरात बापाचे दात पडले होते, थोरल्याच्या मोटारीच्या काचा फुटल्या होत्या आणि धाकट्याच्या पाठीवर कोयत्याच्या मुठीचा वळ उठला होता. हे सगळे तिने कॉफी गाळता गाळता सांगितले, वाणसामान सांगावे तसे.

थोरल्याने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली. बेल्जियममध्ये घडवलेले, आखूड नळीचे, सहा घरांचे. या जातीचे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडत नाही. गोळ्यांच्या चक्राच्या उजव्या बाजूला एक लहान झडप असते. ती उघडून चक्र एकेक घर फिरवायचे आणि सळईने एकेक काडतूस मागे ढकलायचे. कंटाळवाणे काम असते, म्हणूनच अशी शस्त्रे स्वस्त मिळतात.

थोरल्याने ते माझ्यासमोर केले. एक, दोन, तीन, चार, पाच काडतुसे मेजावर उभी मांडली आणि झडप मिटली.

"सहावे घर?" मी विचारले.

"ते रिकामंच असतं, काका. अप्पांचा नियम. घोड्याखाली कधी काडतूस ठेवायचं नाही. हातातून पडलं तर उडतं म्हणायचे. लहानपणापासून बघतोय आम्ही, पाच म्हणजे पाचच."

नियम बरोबर होता. जुन्या शस्त्रांचे जाणते मालक असेच करतात. माझा नियम निराळा आहे. दुसऱ्याने रिकामे केलेले शस्त्र मी भरलेलेच समजतो आणि सर्व घरे स्वतः फिरवून पाहतो. मी चष्म्यासाठी खिशात हात घातला.

तेवढ्यात धाकटा आला. मोटारसायकल बाहेर आडवी टाकल्याचा आवाज झाला. पंचविशीच्या पुढचा, अंगाने भरलेला, तोंडाला दारूचा वास नाही. हे मी मुद्दाम लिहितो. तो पूर्ण शुद्धीत होता.

"विकायला काढलंस? मला न विचारता?"

"परवाना माझ्या नावाचा आहे, तम्मा." धाकट्या भावाला तिकडे तम्मा म्हणतात.

"परवाना तुझा, शेत तुझं, बाप तुझा. मला काय ठेवलंस रे? गोठा?"

"गोठ्यातली गुरं विकून तर फटफटी घेतलीस. आता शेण विक."

धाकट्याने मेजावरचे रिव्हॉल्व्हर उचलले आणि थोरल्याच्या कानशिलाला लावले.

"खाली ठेव," मी म्हणालो. "मी ते अजून तपासलेले नाही."

"तुम्ही गप्प बसा हो, गिऱ्हाईक."

थोरला हसला. मेजावरच्या पाच काडतुसांकडे त्याने हनुवटीने दाखवले. "झाड की. रिकाम्यानं तरी झाड. भरलेलं धरायची छाती तुझी कधी होती?"

धाकट्याने चाप ओढला. घोडा कोरडा आपटला. थोरल्याची पापणी लवली, पण हसू तसेच राहिले. इथवर ती चेष्टा म्हणता आली असती. मग त्याने दुसऱ्यांदा चाप ओढला. चेष्टा करणारा माणूस एकदा ओढतो आणि समोरच्याचे तोंड पाहतो. हा तोंड पाहत नव्हता. त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी उठलो आणि माझी चालायची काठी सगळ्या जोराने त्याच्या मनगटावर मारली.

तिसऱ्या वेळी ते उडाले.

बंद खोलीतला आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा असतो. थोरल्याच्या कानाची वरची पाळी गेली. गोळी त्याच्या मागच्या फ्रीजच्या दारातून आत शिरली आणि आत काहीतरी फुटले. धाकट्याच्या हातातून शस्त्र पडले. त्याचे मनगट नको तिकडे वळले होते. थोरल्याने कानाला हात लावला, बोटे पाहिली आणि कसलाही आवाज न करता धाकट्याच्या पोटात लाथ घातली. तो खाली पडल्यावर छातीवर बसून त्याचे डोके फरशीवर आपटू लागला. धाकट्याने शाबूत हाताने त्याचा फाटका कान धरला आणि ओढला. तेव्हा थोरला ओरडला. गुरासारखा ओरडला. मी काठी दोघांच्या मध्ये घातली, ती मोडली. त्यांच्या आईने कळशीभर पाणी दोघांवर ओतले. तेव्हा कुठे ते सुटले.

मी शस्त्र उचलले, झडप उघडली, चक्र फिरवले. पाच घरे मोकळी. सहाव्यात तापलेले रिकामे नळकांडे. सळईने ढकलून मी ते बाकीच्यांच्या शेजारी ठेवले. आयुष्यभर पाचच ठेवणाऱ्या माणसाने शेवटच्या वर्षी सहावे भरले होते. अपघाताने आपल्याच हातून उडेल, ही भीती त्याला त्या घरात लहान वाटली असावी.

अंगणात शेजारी गोळा झाले होते. कोणीतरी पोलिसांना फोन केल्याचे ऐकू आले. थोरल्याने टॉवेल कानाला दाबला आणि धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने त्याच्याकडे.

"काकांच्या हातून उडालं," थोरला म्हणाला.

"बघता बघता उडालं," धाकटा म्हणाला. "म्हातारा माणूस. हात थरथरतो."

"तुम्हाला काय होणार आहे, काका? वय बघून सोडतील. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"माझा हात थरथरत नाही," मी म्हणालो.

"स्वल्प थरथरवा की," धाकटा म्हणाला, आणि खरोखर हसला. फुटलेल्या ओठांतून रक्त येत होते. त्याचा भाऊही हसला. ज्याला त्याने काही क्षणांपूर्वी ठार मारायला घेतले होते तो भाऊ.

"मग काय होईल?" आईने विचारले. तिने प्रश्न मला केला होता.

"अपघात ठरला तर तपास होईल. आज ना उद्या शस्त्र परवानाधारकाकडे परत येईल."

"इथं?"

"बहुधा इथंच."

"आणि यानं मारलं म्हटलं तर?"

"मग ते मुद्देमाल म्हणून जाईल. लवकर परत येणार नाही. आणि हाही जाईल."

थोरला मध्येच म्हणाला, "आई, माझी तक्रार नाही. मला लागलंय, मी म्हणतो ना काही नाही म्हणून."

"उद्या तू ते त्याच्यावर धरशील," ती म्हणाली.

थोरल्याची नजर मेजावरच्या रिव्हॉल्व्हरवर गेली.

जीप आली. फौजदार कानडीत विचारत आत शिरला. दोन्ही मुलगे एकदम बोलू लागले आणि दोघांची बोटे माझ्याकडे होती. मी काही बोलण्यापूर्वी ती पुढे झाली आणि स्पष्ट कानडीत म्हणाली की माझ्या धाकट्याने माझ्या थोरल्यावर तीनदा चाप ओढला, दोन वेळा उडाले नाही, हे पाहुणे मध्ये पडले म्हणून थोरला जिवंत आहे. मग तिने मेजावरचे रिव्हॉल्व्हर पदराने धरून उचलले आणि फौजदारापुढे केले. त्याने ते घेईपर्यंत तिचा हात तसाच पुढे राहिला.

फौजदार दंडाला धरून बाहेर नेत असताना धाकटा उंबऱ्यावर अडला. मराठीत म्हणाला, "आई, मी तुझा मुलगा आहे."

ती म्हणाली, "तोही आहे."