लघवीच्या दुखण्याने गेली आमची नसरीन

ऑफिसात डबे उघडून आम्ही जेवायला बसलो होतो आणि नसरीनच्या नवऱ्याचा, इरफानचा फोन आला. "ताई, नसरीन गेली," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. माझ्या चेहऱ्यावरून टेबलाभोवतीच्या बायकांनी ओळखलं. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ था उसको?" मी म्हटलं, "इन्फेक्शन." "किस चीज़ का?" मी म्हटलं, "पेशाब का." आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं... कुणा पुरुषाने ऐकलं तर नाही ना! आमच्यातली एक तरुण बाई गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मेली होती आणि आम्ही दाराकडे पाहत होतो. त्या क्षणी जो संताप डोक्यात शिरला, तो इतके आठवडे झाले तरी उतरलेला नाही. हे त्या संतापातच लिहिते आहे. गोड आठवणींचा लेख हवा असेल तर तो आज माझ्याच्याने होणार नाही.

नसरीन शिकलगार मूळची कराडची. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई घरी शिवणकाम करायची. स्पर्धा परीक्षा देत देत ती केंद्र सरकारच्या नोकरीत लागली आणि दिल्लीत आमच्या कार्यालयात आली. मी तिच्याहून बरीच मोठी, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात राहणारी. ती आली त्या आठवड्यात मी फोनवर मुलाला मराठीत झापत होते, तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "अजून थोडं रागवा ना ताई, कानाला बरं वाटतंय." तिथून आमचं जमलं. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे यायची, माझ्या हातातून परात काढून घ्यायची आणि स्वतः भाकऱ्या थापायची. माझा मुलगा दिल्लीत वाढलेला, त्याला परडं म्हणजे काय, उंबरा म्हणजे काय हे तिने शिकवलं. "तुमचं पोरगं हिंदीत स्वप्न बघतं ताई," म्हणायची, "पण भाकरी मराठीत खातं, तेवढं पुरे."

शोकसभेत आमचे वरिष्ठ म्हणाले की ती फार हसतमुख होती. साफ खोटं आहे. नसरीन भांडकुदळ होती, आणि मला ती तशीच आवडायची. कँटीनवाला तेच तेल पुन्हापुन्हा तापवतो म्हणून तिने त्याची कढई उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. गाझियाबादमध्ये भाड्याचं घर शोधताना एक मालक नाव ऐकून "घरवालों से पूछना पड़ेगा" म्हणाला, तेव्हा तिने त्याला शांतपणे सांगितलं, "अंकल, ना बोलना है तो मेरे मुँह पे बोलिए, मुझे आदत है." त्या माणसाने खाली मान घातली आणि घर दिलं. पुढे त्याच्याच बायकोने तिला लोणचं घालायला शिकवलं.

अशी ही मुलगी एकदाच गप्प बसलेली मी पाहिली. आमच्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायली ठेवायला वापरलं जात होतं. बायकांनी दोन मजले खाली जायचं, तिथे रांग लावायची, तिथेही पाणी असेल तर असेल. तोवर साहेबांनी बोलावलं की मग "मैडम सीट पर नहीं मिलतीं" हे ऐकायचं. नसरीनने ही गोष्ट भर मीटिंगमध्ये काढली. साहेब हसले. "मैडम, इतना पानी मत पिया कीजिए," असं म्हणाले, आणि सगळी खोली हसली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. कढई उचलून आणणाऱ्या त्या पोरीला एक शब्द बोलता आला नाही. लाज नावाचं हत्यार किती धारदार असतं ते मी तिथे पाहिलं. आणि त्या हसणाऱ्याचा सल्ला तिने पाळला. सकाळी घरातून निघाली की संध्याकाळी गाझियाबादला पोचेपर्यंत घोटभर पाणी प्यायचं नाही. मेट्रोत उभं राहून तो लांबलचक प्रवास, आणि वाटेत कुठे जाणार?

दिवस राहिले तेव्हा फार आनंदली होती. मी तिला दटावून पाणी प्यायला लावायची, ती हूं म्हणायची आणि बाटली भरलेलीच परत न्यायची. सहाव्या महिन्यात एकदा जिन्यात भिंतीला धरून उभी दिसली. विचारलं तर इकडेतिकडे बघून कुजबुजली, "ताई, लघवीला फार जळजळ होते. सारखं जावंसं वाटतं आणि थेंबभरच होते." मी म्हटलं, आजच्या आज डॉक्टरकडे जा. ती गेली. घराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, "प्रेग्नन्सी में ये सब होता है," आणि गोळ्या लिहून दिल्या. लघवीची कल्चर तपासणी करायला सांगितलीच नाही. कुठले जंतू आहेत आणि कुठल्या औषधाने मरतील, हे त्या तपासणीत कळतं. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं. तेवढ्यात इरफानची मावशी फोनवर म्हणाली, "पोटुशी बाईनं अशा गरम गोळ्या खाऊ नयेत, बाळाला बाधतं. धण्याचं पाणी पी." नसरीनने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. बाळाला बाधेल म्हटल्यावर कुठली आई घेईल?

गरोदरपणात गर्भाशयाचा भार लघवीच्या वाटेवर पडतो, लघवी तुंबते आणि जंतूंना वर मूत्रपिंडापर्यंत जायला वाट मिळते. वेळीच तपासलं, गरोदरपणात चालणारं औषध दिलं आणि ते पूर्ण घेतलं, तर बहुतेक बायका ठणठणीत बऱ्या होतात. हे मला नसरीन गेल्यावर एका परक्या डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. ती जिवंत असताना तिला हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

मग ताप आला. दिल्लीत डेंग्यूची साथ होती, म्हणून जो तो डेंग्यू शोधत बसला. प्लेटलेट्स ठीक निघाल्या, तर व्हायरल म्हणाले. हुडहुडी भरून दात वाजत होते, उलट्या होत होत्या, उजव्या कुशीत पाठीकडून असं दुखत होतं की तिला कूस बदलता येईना. त्यावर उत्तर काय, तर "सातवाँ महीना है, कमर तो दुखेगी ही." मला फोनवर म्हणाली, "ताई, मला वाटतं हे तेच आहे. पण परत परत तेच काय सांगू? दवाखान्यात सगळे पुरुष असतात बाहेर बसलेले, ती कंपाउंडर बाई मोठ्याने विचारते." मी म्हटलं, "मीच येते, मी सांगते मोठ्याने." मी पोचले तोवर ती बरळायला लागली होती. पहिल्या इस्पितळाने आयसीयूत जागा नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने घेतलं, तर तिथल्या डॉक्टरने रिपोर्ट बघून विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?" इरफान बिचारा भिंतीशी उभा होता. काय करत होतो आम्ही? रांगेत होतो, डॉक्टरसाहेब. ज्याच्या त्याच्या दारात तेच सांगत होतो, आणि जो तो "होता है" म्हणत होता. विष रक्तात भिनलं होतं. सिझेरियन करून मुलगी काढली, काचेच्या पेटीत ठेवली. नसरीनने तिला पाहिलंच नाही.

त्या शोकसभेत साहेबांचं हसतमुख वगैरे झाल्यावर मी उठले. म्हटलं, "सर, नसरीन पेशाब के इन्फेक्शन से मरी है. वो सात महीने की पेट से थी और दिनभर पानी नहीं पीती थी, क्योंकि इस फ्लोर पर औरतों के जाने की जगह में आपकी टूटी कुर्सियाँ रखी हैं." कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या आत त्या खुर्च्या हलल्या, नळ सुरू झाला, दाराला कडी बसली. इतकं सोपं होतं! आता बायका मला येऊन "थैंक यू" म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला आभार नकोत. आणि या पुरवणीच्या संपादकांनी सौम्यपणे विचारलं की मथळ्यात 'लघवी' ऐवजी दुसरा शब्द चालेल का, तर त्यांनाही मी नाही म्हणून कळवलं आहे.

गेल्या रविवारी गाझियाबादला गेले होते. मुलगी घरी आली आहे, कराडहून नसरीनची आई आली आहे, थोडी थंडी सरली की ती नातीला घेऊन गावी जाईल. झोपायच्या खोलीत नसरीनच्या ओढणीची झोळी बांधली आहे. आम्ही बोलत बसलो होतो... आणि एकदम झोळीतून किंकाळी आली. एवढासा जीव, मुठी आवळून, लालबुंद होऊन ओरडत होता. इरफान धावला. "ओली झाली की क्षणभर थांबत नाही ताई," तो म्हणाला, "पूर्ण बिल्डिंगला कळवते. खालच्या मजल्यावरून विचारायला येतात." तो ओशाळून तिला थोपटायला लागला, श्श श्श करायला लागला.

नसरीनच्या आईने त्याचा हात बाजूला केला. नातीला उचललं, ओलं दुपटं सोडलं आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "गप कशाला बसायचं? ओरड बाई. मुतलीस ना? सांग सगळ्यांना."