थेंब हवेच होते

आमटीवर फोडणी ओतली की तेलाचे थेंब तरंगतात. भोवती पडदा नसतो, तरी ते वेगळे राहतात. पेशीच्या केंद्रकातही काही प्रथिनं अशी एकत्र येऊन थेंब करतात. डीएनएच्या गुंडाळीचे काही भाग त्या थेंबांत ओढले जातात आणि तिथली जनुकं चालू किंवा बंद होतात, असं मानतात. कंग्राळीच्या घरी मी आक्काला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी आमटीच बघतोस व्हय रं?"

मी हसलो. पण माझी पीएचडी त्याच थेंबांवर होती.

माझे मार्गदर्शक असलेल्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. घरातला पहिला पदवीधर मी. इंग्रजीत अडखळलो की बाकीचे हसायचे, सर थांबून ऐकून घ्यायचे. म्हणूनच राग जास्त येतो.

पहिल्या प्रयोगात आम्ही थेंब करणाऱ्या अशाच एका प्रथिनाला हिरवी चमक जोडून ते पेशींत भरपूर बनवून घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात हिरवे गोल थेंब दिसले. सर खूश. मग मी ते पेशीत एरवी असतं तेवढंच ठेवून पाहिलं. थेंब एकही नाही, सगळीकडे सारखा हिरवा रंग. आणि हे प्रथिन जे जनुक चालू करतं, ते? पहिल्याइतकंच चालू. पुन्हा केलं, तेच आलं. म्हणजे या जनुकाला थेंबांची गरजच नव्हती.

"परिषदेच्या पोस्टरवर पहिलंच चित्र घालू," सर म्हणाले. "थेंबांमुळे जनुक चालू होतं, असं लिही."

"सर, ते थेंब आपणच प्रथिन कोंबून केलेत."

"अरे, सगळे हेच करतात. स्वल्प अॅडजस्ट माडी."

जरा जुळवून घ्या! रस्ता असो, दाखला असो, आमच्या सीमाभागात सगळं याच कानडी वाक्यावर चालतं. पेशीनंही अॅडजस्ट करायचं? माझं डोकं तडकलं.

"मी हे लिहिणार नाही."

"तुला पदवी पाहिजे की भांडण?"

"मग माझं नाव काढा, सर."

त्यांनी नाव काढलं. चित्र मात्र ठेवलं. माझं चित्र!

परिषदेच्या दिवशी मी त्या पोस्टरपाशी जाऊन उभा राहिलो. सर दुरून बघत होते. एक प्राध्यापिका थांबल्या, म्हणाल्या, "सुंदर थेंब आहेत."

"हो मॅडम," मी म्हणालो, "पण प्रथिन जास्त भरल्यावरच दिसतात. पेशी मीच तयार केल्यात."

आवाज चढला होता. मी तो उतरवला नाही. त्यांच्यामागे आणखी दोघे येऊन थांबले. त्यांनाही सांगितलं.