साधं बटण

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली असताना तिन्हीसांजेला हाक मारायची, "अरे, दिवा लाव रे." पलीकडच्या खोलीत मला ऐकू यायचं, तरी मी उठायचो नाही. ती अंधारात पडून राहायची. उशिरानं मी जायचो. ते काळं बटण खट्कन वाजलं की ती दिव्याला हात जोडायची आणि म्हणायची, "तूही जोड, बल्ब काही तुला हसत नाही."

आज नव्या घराच्या भिंतींवर वायरमन खडूनं खुणा करत होता. "काका, अंधार पडला की दिवे आपोआप लागतील. कुणाला हाक मारायलाच नको."

मी म्हटलं, "या खोलीत साधं बटण ठेव."

"मग उठावं लागेल की!"

"लागू दे."

आईच्या पहिल्या हाकेला उठणं मी अजून देणं लागतो.