शुक्रवारची वाळू

गाडी रस्त्यावर चालवायची असते, अशी माझी साधी पुणेरी समजूत. आमचे कॅनडातल्या केंब्रिजचे शेजारी पायस तुस्कानो यांना ती मान्य नव्हती. आठवडाभर कारखान्यात गाड्यांना दारं बसवायची आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आपली जुनी जीप घेऊन गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वाळूच्या खाणीत चढ-उतार करत बसायचं! खाणीच्या मालकाची परवानगी होती, एवढंच त्यातलं शहाणपण.

हा नाद मस्कतचा. तिथे ते अकरा वर्षं मेकॅनिक होते. शुक्रवारी सुट्टी, मग कंपनीची जीप घेऊन वाळवंटात जायचं. आग्नेसवहिनी तेव्हा वसईला दोन मुलं आणि आजारी सासू सांभाळत होत्या. "आम्ही तिकडे मरमर मरत होतो आणि हे वाळूत मजा मारत होते," हे वाक्य मी त्यांच्या किचनमध्ये निदान वीस वेळा ऐकलंय. पायसना एकच हवं होतं, वहिनींनी एकदा तरी त्या जीपमध्ये बसावं. कॅनडात सहा वर्षं झाली तरी त्या बसल्या नव्हत्या.

२००९च्या एप्रिलमध्ये तयार झाल्या. "नंदनभाऊ येत असतील तर येते," ही अट. सुक्याबरोबर ओलंही जळतं; मी मागच्या सीटवर.

खाणीत पोचल्यावर वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून पायसनी चारही टायरमधली थोडी हवा सोडली. मधूनच वहिनींकडे चोरून बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. पहिला चढ झकास चढले. पुढे वाळू दोन रंगांची होती.

"पांढरी वाळू दगा देते. काळी ओलसर असते, ती टाइट," असं मला समजावत त्यांनी जीप काळ्या पट्ट्यावर घातली आणि चाकं अर्धी आत गेली. वाळवंटातला नियम बरोबरच होता. पण इथे एप्रिलमध्ये खालची जमीन गोठलेलीच असते, वरचं पाणी मुरत नाही आणि वाळूची खीर होते.

पायसनी इंजिन बंद केलं. तोंड एवढंसं झालं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

"यासाठी जायचात दर फ्रायडेला?" वहिनींनी विचारलं.

"रूममध्ये सहा जण होतो," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "फ्रायडेला सगळे घरी फोन लावायचे, नंतर रडायचे. मला सहन व्हायचं नाही. वाळूत गाडी चालवताना दुसरं काही मनात आणून चालत नाही गं. तेवढे चार तास तुमची आठवण यायची नाही."

"अकरा वर्षांत हे एकदा लिहिता नाही आलं?"

"लिहिलं असतं तर तू रडली असतीस."

वहिनी दार उघडून तशाच चिखलात उतरल्या. मागे विंटरमध्ये बर्फ उपसायचं शोव्हल अजून पडलेलं होतं, ते घेऊन चाकाशी वाकल्या.

"त्या टेकाडापलीकडे काय आहे?"

"काही नाही. वाळूच."

"निघाली की तिकडे न्या मला," त्या खणता खणता म्हणाल्या. "एकटे काय बघत बसायचात, ते मला बघायचंय."