दिवाळं काढायची ऐपत

शेठजीनं पणती जोड्यानं विझवली. फुंकून नाही, बोटानं नाही. पायातल्या जोड्यानं. तेल आमच्या उंबऱ्यावर सांडलं. वात त्याच्या टाचेला चिकटली, तीही त्यानं आमच्याच पायरीला घासून काढली.

"दिवाला हम लोगों का निकलता है," तो म्हणाला. "तू तो भिखारी है. भिखारी का काहे का दिवाला?"

माझा बाप हात जोडून उभा होता. भर दुपार होती. तिरोडी स्टेशनाबाहेरचा रस्ता, बाजाराचा दिवस. लोक थांबले. कोणीतरी हसलं. मी दारात होते, हात भाताच्या पेजेनं भरलेले. चांगली लग्नाच्या वयाची होते. लहान नव्हते, की विसरून जाईन.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. बाजारातला मोठा माणूस बुडाला की तो भर दिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून ठेवायचा आणि बसायची गादी उलटी घालायचा. म्हणजे दिवाळं निघालं. मग घेणेकरी दारात उभे राहून शिव्या देत नसत. उरलंसुरलं वाटून घ्यायचे आणि त्या माणसाला जगू द्यायचे. रीत जुनी. बरीही म्हणता येईल. ती कोणासाठी आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझ्या बापानं तो दिवा आधी एकदा पाहिला होता. याच शेठजीच्या दारात.

शेठजी मँगनीजच्या खाणीवर मजूर पुरवायचा. त्याचे मजूर आमच्या खानावळीत जेवायचे. भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी. मी आणि माय रांधायचो, बाप वाढायचा. जेवणाचे पैसे शेठजी मजुरांच्या पगारातून कापायचा आणि बापाला द्यायचा. असं बरीच वर्षं चाललं. मग मँगनीजची मागणी घटली, खाणीवरचं काम आक्रसलं. शेवटच्या पगारातूनही त्यानं जेवणाचे पैसे कापले. आमच्यापर्यंत ते आले नाहीत. चार दिवसांनी त्याच्या दारात दिवा लागला.

सारा बाजार भेटायला गेला. कोणी हळहळलं. "घाटा आला बिचाऱ्याले." "हात तंग झाला." "मोठ्या घराले ग्रहण लागलं." शेजारच्या बाया त्याच्या घरी पोळ्या घेऊन गेल्या. माझी मायही गेली. बाप मागायला म्हणून गेला आणि दिव्याला हात जोडून परत आला.

"त्याच्यावर वाईट वेळ आली," तो म्हणाला. "आता त्याले काय मांगू?"

"अन् आमच्यावर कोणती आली?" मायनं विचारलं.

मजूर अडकून पडले होते. गावी जायलाही त्यांच्याजवळ काही नव्हतं. बाप त्यांना उधारीच्या तांदळावर जेवू घालत राहिला. "उपाशी माणसाच्या तोंडावर दार कसं लावू?" हे त्याचं म्हणणं. खुळा होता. देवमाणूसही होता. मला दोन्हीचा राग यायचा.

तोवर शेठजीची गादी सुलटी झाली. मुलाच्या नावानं नवं दुकान, नवा ठेका. बायकोच्या अंगावरचा सोन्याचा एक डाग कमी झाला नव्हता. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण याचे वासे भरीव होते. पोकळ झाले ते आमचे.

तांदळाचा दुकानदार रोज सकाळी येऊन दारात ओरडू लागला. मायला उद्देशून नको ते बोलू लागला. एका सकाळी बाप उठला. विहिरीवर आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसला. गादी आमच्याकडे कुठली? तो वाढून झाल्यावर ज्या पाटावर बसून जेवायचा, तो पाट त्यानं दारात उलटा घातला. देवाजवळची पणती आणली, तेल भरलं आणि उंबऱ्यावर लावली. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. हाताचा आडोसा करून तो बघत होता, आहे की गेली.

एवढीच त्याची चूक. रीत सगळ्यांची असते, असं त्याला वाटलं.

कोणीतरी जाऊन शेठजीला सांगितलं असेल. दुपारी तो चालत आला, सोबत तांदळाचा दुकानदार. पुढचं सांगितलंच. पणती विझवून झाल्यावर त्यानं जोडा झटकला आणि निवाडा दिला.

"बर्तन इसको दे दे. लड़की को हमारे यहाँ रसोई में भेज दे, दो रोटी मिल जाएगी. और सबके सामने बोल, मैं भिखारी हूँ. फिर कोई तंग नहीं करेगा."

बापानं ओठ ओले केले. मी पाहिलं, तो म्हणणार होता.

"बाबा, म्हणू नका," मी बाहेर आले.

"तू आत जाय, पोरी."

"मी काहून आत जाऊ?"

मी शेठजीसमोर उभी राहिले. हिंदी मला येत होतं, पण त्या वेळी आलं नाही. जे आलं ते मायच्या बोलीत आलं.

"आमी भिकारी नाही. आमी बुडालोबी नाही. आमाले तुमी नागवलं."

"क्या बोलती है?" त्यानं लोकांकडे पाहिलं. त्याला मराठी पुरतं कळायचं. वर्षानुवर्षं आमच्या हातचं जेवण चाखून हिशेब केला होता त्यानं, मराठीतच.

गर्दीतून एक हमाल हळूच बोलला, "लूट लिया, बोलती है."

लोक शेठजीकडे बघू लागले. तेवढा एक क्षण माझा होता. शेठजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. इथं जेवलेला एखादा तरी माणूस तोंड उघडेल.

बोलला तो माझा बाप. त्यानं वाकून शेठजीच्या त्याच जोड्याला हात लावला.

"मैं भिखारी हूँ, सेठजी. लड़की नादान है."

संध्याकाळच्या आत भांडी गेली. डाळीचा मोठा गंज दोघांनी उचलून नेला, तळाशी सकाळची डाळ होती. शेठजीच्या स्वयंपाकघरात मी गेले नाही. मायनं हात धरून विनवलं, बापानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तरी नाही गेले.

आम्ही बालाघाटला आलो. बाप एका हॉटेलात कपबश्या विसळायचा. त्यानं पुन्हा दिव्याला हात लावला नाही. संध्याकाळी माय दिवा लावायला लागली की तो उठून बाहेर जायचा. दिवाळीतसुद्धा. असाच गेला तो, खोकत, कोणाला तोशीस न देता. तिरोडीहून आलेले चार लोक म्हणाले, "चांगला माणूस होता, बुडाला बिचारा."

मी तिथंच, बापाच्या उशाशी, म्हणाले, "बुडाला नाही. नागवला." लोकांनी मान खाली घातली. एक म्हातारा म्हणाला, "आता काहून उकरतं, बाई? गेला ना तो."

म्हणूनच उकरते. बुडाला म्हटलं की पाण्याचा दोष. कंगाल म्हटलं की नशिबाचा. भिकारी म्हटलं की आमचाच. दिवाळं हा शब्द तर त्यांनी दिव्यासकट घरात नेऊन ठेवलाय. नागवलं म्हटलं की मात्र मधे एक माणूस उभा राहतो, आणि विचारावं लागतं, कोणी?

काही बदललं नाही. शेठजीचा नातू आता ठेके घेतो. मी मलाजखंडला कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या चुलीवर भात रांधते. न्याय वगैरे मिळेल असं मला वाटत नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पण कधी कोणी जेवता जेवता विचारतं, "बाई, तुमची खानावळ होती म्हणतात. काय झालं तिचं?"

मी वाढायचं थांबवते. आधी त्या नागवणाऱ्या माणसाचं नाव सांगते, त्याच्या बापाचं नाव लावून, गावासकट. ते ऐकल्याशिवाय पुढचा भात ताटात पडत नाही.