तपासणीच्या आधी दिलेली साक्ष

“ताता, आवाजाची पेटी काढावी लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इकडे बेंगळुरूत म्हाताऱ्या माणसाला ताता म्हणतात. माझी बायको सुमती शेजारी बसली होती. कागदावर लॅरिंक्सचा कॅन्सर असं लिहिलं होतं. लॅरिंक्स म्हणजे घशातली पेटी, जिच्यातून आवाज निघतो.

मग त्यांनी माझा जुना कागद काढला. “मागच्या वेळी डाग लहान होता. मी बायॉप्सी सांगितली होती. तेव्हाच आला असता तर बहुतेक नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं, आवाज राहिला असता. मधले सात महिने कुठे होता?”

बायॉप्सी म्हणजे बारीकसा तुकडा काढून तपासणं.

सुमती म्हणाली, “चर्चमध्ये होते.”

ज्यांचा आवाज बसलाय आणि जे घरच्यांचं ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलो. राजाजीनगरच्या एका कारखान्यात लेथवर जन्म गेला. लिहिण्यात चुका असतील. खोटं मात्र नसेल, ते आधीच बोलून झालंय.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी इथे मूठभर. दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल मागून रविवारी दुपारी उपासना करतो. गाणं मी सुरू करायचो. माईक कधी घेतला नाही, आणि ज्यांना लागायचा त्यांना हसायचो.

आवाज घोगरा झाला आणि महिनाभर हटेना, तेव्हा सुमतीने ओढून दवाखान्यात नेलं. नाकातून दुर्बीण घालून घसा बघितला. डाग दिसला. बायॉप्सीला पुढच्या आठवड्यात बोलावलं. मधल्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सोमवारी सकाळी आवाज थोडा मोकळा झाला. मी बायॉप्सीला गेलो नाही.

आमच्यात उपासनेत साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. पुढच्या रविवारी मी उठायला लागलो तशी सुमतीने शर्ट धरला. “अहो, आधी तपासून घ्या, मग उभे राहा.” मी शर्ट सोडवून घेतला आणि सांगितलं, प्रभूने मला पूर्ण बरं केलं. सगळे हालेलुया म्हणाले. मला फार बरं वाटलं.

बुधवारी आवाज परत बसला.

आता दवाखान्यात जायचं म्हणजे देवाला खोटं पाडायचं, असं मी सुमतीला सांगायचो. खरं तर मीच खोटा पडणार होतो. कुणी विचारलं की धूळ म्हणायचो, थंड पाणी प्यालो म्हणायचो. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, “दादा, ती बायॉप्सी केली का?” मी म्हणालो, “तेल तुम्ही लावलंत आणि शंका पण तुम्हालाच?” ते खुर्च्या आवरायला गेले. त्यांनी आणखी एकदा विचारायला हवं होतं. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा गेलो. बायॉप्सी झाली, सीटी स्कॅन झालं, ऑपरेशन झालं. टोटल लॅरिंजेक्टॉमी म्हणजे पेटी अख्खी काढतात आणि गळ्याला खाली भोक ठेवतात. त्याला स्टोमा म्हणतात. श्वास तिथूनच घ्यायचा, जन्मभर. मागाहून रेडिएशनही घ्यावं लागलं. आवाज गेला तो गेलाच आणि रेडिएशन पण चुकलं नाही.

भोकात कफ साठतो. तो नळीने ओढून काढतात, त्याला सक्शन म्हणतात. पाण्याबाहेर असून बुडतोय असं वाटतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी देवाला हाक मारली. नुसते ओठ हलले. अशा वेळी मन शांत होतं असं मी स्वतः कितीतरी आजाऱ्यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं होतं. माझं तसं काही झालं नाही. सिस्टर तेवढी “स्वल्प, ताता, स्वल्पच” म्हणत होती, म्हणजे थोडंच राहिलंय, आणि सुमतीने माझे दोन्ही पाय दाबून धरले होते.

बोलायला पाटी दिली. सुमती म्हणाली, “चाळीस वर्षं तुम्ही बोललात. आता मी बोलते, तुम्ही लिहा.” भेटायला मंडळीतले लोक आले. “दादा, देवाची योजना असते,” एक जण म्हणाला. मी लिहिलं, ‘योजना माझी होती.’ तो लवकर गेला.

घरी आल्यावर परत साक्ष द्यायची ठरवली. सुमती नको म्हणाली. मी ऐकत नाही हे तिला माहीत आहे. त्या रविवारी मी उभा राहिलो आणि तिने माझा कागद वाचला. ‘मी तपासणीच्या आधी साक्ष दिली. बरा झालो नव्हतो. माझं ऐकून कुणी थांबलं असेल तर थांबू नका.’ हालेलुया कुणी म्हणालं नाही. पाळकसाहेब बुटांकडे बघत होते.

उपासना संपल्यावर रूथ आली. सोलापूरची पोरगी, इथल्या एचएसआर लेआउट भागात पाळणाघरात काम करते. सुमतीला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, “काकू, छातीत गाठ आहे. काकांची पहिली साक्ष ऐकली आणि मीही नुसती प्रार्थना करत थांबले.”

माझा आवाज गेला तेव्हा मी रडलो नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. बायॉप्सी झाली. रिपोर्टच्या दिवशीही मीच गेलो बरोबर. त्याच रांगेत, त्याच लोखंडी खुर्च्यांवर बसलो. रूथ ओढणीचं टोक पिळत होती. तिने विचारलं, “काका, देव आहे ना आपल्याबरोबर?”

पूर्वी मी हे पाठ असल्यासारखं सांगितलं असतं, आणि तेही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. पाटीवर लिहिलं, ‘मी आहे. तो असेल.’

तिने वाचलं. “असेल नको ना काका. आहे लिहा.”

मी खडू उचलला नाही. एकदा तपासणीच्या आधी बोलून बसलोय.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. तिने माझा हात धरला, मी पाटी काखेत मारली. दारापाशी क्षणभर थांबलो आणि मनातल्या मनात देवाला म्हटलं, तू पुढे हो, आम्ही येतो.